बंद डब्यातला खटका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. अलकाला, म्हणजे माझ्या बायकोलाही, यातलं अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धंसुद्धा मी तिला माझ्या सोयीने सांगितलंय. इथे खरं नाव द्यावं लागत नाही म्हणून लिहितोय. सगळ्यांची नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधीच सांगतो, मी या भुताखेतांच्या भानगडींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तुमच्या सगळ्यांचे अनुभव वाचतो, पण वाचताना मनात कारणं शोधत असतो... उंदीर असेल, वारा असेल, जागरण असेल. मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आयुष्यभर सप्लायरची कारणं ऐकत आलोय, त्यामुळे कोणी ‘आपोआप झालं’ म्हटलं की मला पहिल्यांदा हसू येतं. त्यात या बाबतीत तर विजेचा प्रश्न होता. विजेत आपोआप काही होत नाही.

मुलुंड ईस्टला, मिठागरांच्या बाजूला आमची सोसायटी. जुनी चार मजली बिल्डिंग, खाली खांबांमध्ये पार्किंग. मीटर-रूमच्या भिंतीला लागून असलेलं पहिलं पार्किंग माझं. त्याच्या पुढच्याच खांबापाशी सोसायटीचा नळ आणि पाणी जायला जाळी. एवढीच जागा लक्षात ठेवा, सगळं इथेच घडलं.

त्या खांबापाशी बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी हिरामावशी बसायची. खाडीकडच्या कोळीवाड्यातली, साठी उलटलेली, आवाज असा की चौथ्या मजल्यावरच्या माणसालाही कळावं आज बांगडा आहे की बोंबील. ती जागा तिला माझ्या आईने दिली होती, मी शाळेत असताना. पाणी जवळ, घाण लगेच जाळीतून जाते, सावली आहे... आईनेच सगळ्यांशी भांडून ते ठरवलं होतं.

ज्यांच्या दारात कोळीण येते त्यांना माहीत असेल, भरलेली टोपली एकट्या बाईला डोक्यावरून उतरवता येत नाही. समोरून कोणीतरी हात लावावा लागतो. मावशीची हाक आली की आई असेल ते काम टाकून जिना उतरायची. “थांब गो हिरा, हात लावतंय!” आम्ही मालवणकडचे. आई शेवटपर्यंत तशीच बोलायची आणि गुडघे दुखत असतानाही तशीच उतरायची. मग दोघी मिळून टोपली खाली घ्यायच्या आणि पहिला वाटा आमच्या घरी यायचा.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्यानंतर हात लावायला कोणी खाली गेलं नाही. मावशी मग एक हात कशावर तरी टेकवून, गुडघे वाकवून, कशीबशी टोपली उतरवायची. कशावर तरी म्हणजे माझ्या गाडीच्या बॉनेटवर. जुनी गाडी होती तोवर मीही कधी काही बोललो नाही.

मग मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. पन्नाशीनंतरची हौस. शोरूममधल्या पोराने सांगितलं, “सर, मोबाइलसारखं आहे. प्लग लावायचा, विषय संपला.”

विषय कसला संपतोय... तिथे सुरू झाला!

गाडीबरोबर एक चार्जर आला होता. जाड वायर, मध्ये एक डबा, त्यावर दिवा. हिरवा म्हणजे चार्जिंग चालू, लाल म्हणजे फॉल्ट. मी सोसायटीची परवानगी काढली. अट अशी की चार्जिंग सकाळी आठनंतरच करायचं, कारण रात्री एसींमुळे जुन्या वायरिंगवर लोड येतो. ठीक आहे म्हटलं, मी निम्मे दिवस घरूनच काम करतो. मीटरपासून स्वतंत्र लाइन घेतली, भिंतीवर लोखंडी डबा बसवला, आत सॉकेट आणि ईएलसीबी. म्हणजे करंट कुठे गळायला लागला तर लगेच पडणारा स्विच. नारळ फोडला, प्लग लावला.

लाल.

कंपनीचा इंजिनीअर आला. मीटर लावून बघितलं, म्हणाला, “सर, गाडी ओके, चार्जर ओके. तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नीट नाही. चार्जर चेक करतो, अर्थिंग सापडलं नाही तर चालूच होत नाही. सेफ्टी फीचर आहे.” वीज कंपनीकडे गेलो. तिथला माणूस म्हणाला, “मीटरपर्यंत आमचं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” मग आमचे सेक्रेटरी मोहिते. त्यांच्याकडे गेलो तर ते चहा पीत शांतपणे म्हणाले, “सामंत, जुना अर्थिंगचा खड्डा पेव्हर ब्लॉकच्या खाली गेला. आत्ताच तर ब्लॉक बसवले. एका गाडीसाठी फोडायचे म्हणजे मीटिंगमध्ये घ्यावं लागेल.”

“मीटिंग कधी?”

“गणपतीनंतर बघू.”

गणपतीनंतर! नवी कोरी गाडी उभी, आणि मी रोज कांजूरच्या एका मॉलमध्ये जाऊन चार्जिंगच्या रांगेत तास-तास बसतोय. शेजारचे विचारायचे, “काय सामंत, ढकलत नेणार का?” नंदू म्हणून आमच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन आहे, त्याला चारदा बोलावलं. तो प्रत्येक वेळी सगळे स्क्रू आवळायचा, टेस्टर लावायचा, “इकडे तर सगळं बरोबर आहे साहेब” म्हणायचा आणि जायचा. पुन्हा लाल. मला तो दिवा स्वप्नात दिसायला लागला होता, शपथ सांगतो.

आमच्यासारख्या गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे मी वैतागून लिहिलं. लगेच एकाने फोटो टाकला. सॉकेट उघडायचं आणि न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या पिनमधून वायरचा एक छोटा तुकडा अर्थच्या पिनला जोडायचा. चार्जर न्यूट्रललाच अर्थिंग समजतो. खाली सात-आठ जणांचे अंगठे. ‘दोन वर्षं असंच चालवतोय.’ ‘जुन्या बिल्डिंगमध्ये सगळे हेच करतात.’ एकाने मात्र लिहिलं होतं, हे करू नका. बिल्डिंगचा न्यूट्रल कधी तुटला तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात करंट येईल. त्याला कोणीतरी हसण्याचा इमोजी टाकला. तो मी नव्हतो. पण मला बरं वाटलं होतं.

एका शनिवारी दुपारी मीच ते केलं. बोटभर लांबीची हिरवी वायर, दोन स्क्रू. नंदूला सांगितलं नाही, मोहित्यांना नाही, अलकाला नाही.

हिरवा.

काय आनंद झाला होता... खाली एकटाच उभा राहून हसत होतो.

त्यानंतरच्या बुधवारपासून ईएलसीबी पडायला लागला. सकाळी चालू करून वर जायचो, थोड्या वेळाने बघतो तर बंद. पुन्हा वर करायचा, पुन्हा पडायचा. मंगळवारी पडत नव्हता, गुरुवारी पडत नव्हता. बुधवार, शुक्रवार, रविवार... मासळीचे दिवस. हे कोडं तेव्हाच सुटायला हवं होतं. मावशी येणार, नळ सोडणार, सगळी जमीन ओली, आणि हात माझ्या गाडीवर. ईएलसीबी त्याचं काम करत होता. आज हे मी एका वाक्यात लिहू शकतो. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की ही बाई येते आणि माझं चार्जिंग बंद पडतं.

एका शुक्रवारी मी खाली गेलो तर ती बोंबील साफ करत होती.

“बाला, तुजी गारी चावते रं.”

“काय?”

“चावते. हात लावला का मुंग्या येतान. पयली गारी गरीब होती.”

“मग लावू नका ना हात! नवीन गाडी आहे, मासळीचं पाणी लागतं.”

“आता टोपली काय तुज्या डोक्यावर उतरू?” आजूबाजूच्या गिऱ्हाइक बायका हसल्या. ती पुढे म्हणाली, “तुजी आय असती तं मना हात नसता टेकावा लागला.”

मला ते लागलं. आणि जे लागतं त्याचा आपण राग करतो. मला पक्कं वाटलं, माझ्या डब्यामुळे तिची बसायची जागा हातभर कमी झाली, म्हणून हे चावण्याचं नाटक. मी वर येऊन अलकाला म्हणालो, “बघ, आता गाडी चावते म्हणे.” अलका म्हणाली, “अहो, खरंच काही असेल तर? नंदूला दाखवा.”

नंदूला बोलावलं. पण दाखवलं नाही. सॉकेट त्याला उघडूच दिलं नाही. म्हटलं, “हा ईएलसीबी सारखा पडतो, याचं काहीतरी कर.” तो म्हणाला, “दमट हवेने पडत असेल साहेब. काढून आयसोलेटर टाकू? साधा मेन स्विच. त्याच्यात पडायची सिस्टिमच नसते. माणसाने हाताने खाली केला तरच खाली.” मी म्हटलं टाक. त्याला त्या हिरव्या वायरबद्दल माहीत असतं तर त्याने टाकला असता का? मला माहीत नाही. मी त्याला विचारायची संधीच दिली नाही.

आयसोलेटरचा खटका कडक होता. अंगठ्याने जोर लावून वर करावा लागायचा आणि जोर लावूनच खाली. डब्याला मी कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात.

इथून पुढचं मला समजावून सांगता येत नाही.

पहिल्याच बुधवारी सकाळी खटका वर केला, हिरवा दिवा बघितला, कुलूप लावलं, वर आलो. मीटिंग संपवून खाली गेलो तर दिवा गेलेला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं... खटका खाली.

नंदूला फोन. “हो का साहेब? पण तो पडूच शकत नाही.”

“मग काय मी पाडला?”

“कोणीतरी केला असेल.”

कोणीतरी. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. शुक्रवारी पुन्हा तेच. मी कुलूप बदललं, हार्डवेअरवाल्याकडून जाडजूड आणलं. रविवारी मी ठरवलं की आज चोर पकडायचाच. प्लास्टिकची खुर्ची घेतली, डब्याला पाठ जवळजवळ टेकेल इतक्या जवळ ठेवली आणि पेपर घेऊन बसलो. अलका वरून म्हणाली, “वेड लागलंय तुम्हाला.” लागलंच होतं. गाडी सुखाने वापरायची होती मला, बाकी काही नको होतं.

मावशी आली. डोक्यावर भरलेली टोपली. मला बघून थांबली.

“काय रं बाला, वॉचमनची नोकरी धरली?”

मी पेपरमधून मान वर केली नाही.

ती तशीच उभी राहिली. आता कळतं, मी उठेन म्हणून थांबली होती. दोन पावलांवर धडधाकट पुरुष बसलेला, आणि डोक्यावर ओझं. आईने जन्मभर केलेलं काम माझ्या समोर येऊन उभं होतं, आणि मी शेअर बाजाराचं पान उलटलं.

“बस राजा, बस,” ती म्हणाली आणि हात बॉनेटकडे नेला.

हात अजून पोचला नव्हता. हे मी पेपरच्या कडेवरून बघत होतो, म्हणून खात्रीने सांगतो. बोटं आणि पत्रा यांच्यात वीतभर अंतर होतं, तेव्हा माझ्या पाठीमागच्या बंद डब्यात आवाज झाला. खट्ट. चार्जरचा हिरवा दिवा गेला. मग तिचा हात टेकला, टोपली खाली आली.

मी उठलो, कुलूप उघडलं. खटका खाली होता.

मला आश्चर्य वाटायला हवं होतं. भीतीसुद्धा वाटायला हवी होती. मला राग आला. तीन-चार महिने साठलेला सगळा राग... शोरूमचा पोरगा, इंजिनीअर, वीज कंपनी, मीटिंग गणपतीनंतर, सगळ्यांचा. आणि तो काढायला समोर एकच माणूस असा होता की ज्याच्यावर काढला तर मला काही होणार नव्हतं.

मी तडक मोहित्यांकडे गेलो. म्हटलं, हिरामावशी माझा डबा उघडून स्विच बंद करते.

मोहिते स्वतः तिचे गिऱ्हाईक. म्हणाले, “सामंत, काहीतरी चुकतंय तुमचं. ती असलं करणारी नाही. आणि कुलूप आहे ना?”

“मासळीच्या सुरीने उचकटते.”

“तुम्ही बघितलं?”

“हो,” मी म्हटलं. “माझ्या डोळ्यांनी. आत्ता.”

हेच ते. एवढं एक वाक्य. यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

वास येतो म्हणून तक्रार करणारे दोन-तीन नवीन लोक सोसायटीत होतेच. मोहिते आतापर्यंत त्यांना टोलवत होते. पण प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार, तोही ज्याच्या आईने जागा दिली तोच, म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. पुढच्या बुधवारी त्यांनी तिला गेटवरच थांबवलं. मी गॅलरीत होतो. ते काहीतरी सांगत होते, ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने वर बघितलं, बरोबर आमच्या गॅलरीकडे. मी वाळत घातलेल्या चादरीमागे सरकलो.

तिचा मासे तोडायचा चिंचेचा ठोकळा खांबामागे तसाच राहिला.

त्यानंतर खटका एकदाही पडला नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार, काही नाही. मी अलकाला म्हटलं, “बघितलंस? मी सांगत होतो.” गाडी मस्त चार्ज होत होती. आम्ही अलिबागला जाऊन आलो. झोप मात्र नीट लागत नव्हती, पण त्याला मी वयाचं कारण दिलं.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी चार्जिंग लावलं, दिवा बघितला, कुलूप लावलं आणि कोपऱ्यावरून दूध घेऊन परत आलो. गेटमधून आत शिरतो तर खांबापाशी मावशी. वॉचमनला विचारून ठोकळा न्यायला आली होती. धुळीने माखला होता म्हणून तिने तो नळाखाली धुतला. चपला बाजूला काढलेल्या, पायाखाली सगळीकडे पाणी. ठोकळा रिकाम्या टोपलीत ठेवला, टोपली एकटीनेच डोक्यावर घेतली आणि तोल सावरायला उजवा हात गाडीवर ठेवला. नुसती बोटं नाहीत, पूर्ण पंजा. सगळा भार त्यावर.

मी चार्जरकडे बघितलं. दिवा नव्हता. आणि मला काय वाटलं माहितेय? वैताग. आली ही, आणि पडला परत!

तेवढ्यात वर काहीतरी फुटलं. मग दुसऱ्या मजल्यावर किंचाळी, मिक्सरचा चित्रविचित्र आवाज, जिन्यातला दिवा डोळे दिपतील इतका पांढराफटक झाला आणि फट्‌कन गेला. मीटर-रूमच्या दारातून जळका वास आणि धूर. लोक ओरडायला लागले, “टीव्ही उडाला! फ्रिज बंद करा!”

मला एका क्षणात कळलं. न्यूट्रल. बिल्डिंगचा मुख्य न्यूट्रल जळून तुटला होता. ग्रुपवरच्या त्या एका माणसाने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं डोळ्यांसमोर आलं. माझा तो हिरवा तुकडा, सॉकेट, चार्जर, गाडीचा पत्रा... आणि पत्र्यावर तिचा पंजा, अनवाणी पाय पाण्यात.

मी ओरडलो नाही. धावलो नाही. दुधाच्या पिशव्या हातात धरून तसाच उभा राहिलो. हेही सांगून टाकतो.

मावशी सरळ झाली, वर बघितलं. “काय फुटलं रं?” मग तिला मी दिसलो. काहीतरी कडक बोलेल असं वाटलं. तिने फक्त बॉनेटवर दोन थापा मारल्या, गुराच्या पाठीवर मारतात तशा.

“आज नाय चावली तुजी गारी. शानी झाली.”

आणि माझ्या अंगावरून गेटबाहेर गेली.

मी कुलूप उघडलं. खटका खाली होता. हा आयसोलेटर दोन्ही वायरी तोडतो, न्यूट्रलसुद्धा. तो वर असता तर गाडीच्या पत्र्यात किती करंट आला असता हे मी नंतर एकाला विचारलं, पण उत्तर पूर्ण ऐकलं नाही.

सगळे मीटर-रूमकडे धावत होते. त्या गोंधळात मी सॉकेट उघडलं, ती बोटभर वायर काढली आणि खिशात घातली. वीज कंपनीची माणसं, नंदू, सगळे यायच्या आत. दोष जुन्या वायरिंगवर गेला, आणि न्यूट्रल जळण्यापुरता तो खराही होता. अर्ध्या बिल्डिंगचे टीव्ही गेल्यामुळे मीटिंग त्याच संध्याकाळी झाली! पेव्हर ब्लॉक फुटले, नवा अर्थिंगचा खड्डा झाला. मोहिते म्हणाले, “सामंत, तुम्ही आधीपासून सांगत होतात, आमचंच चुकलं.” टाळ्या वाजल्या. मी खाली बघत बसलो. आता नवा ईएलसीबी आहे, खरं अर्थिंग आहे, हिरवा दिवा आहे. कधी काही पडत नाही.

तो जुना आयसोलेटर मी नंदूकडून मागून घेतला. आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एकजण आहेत, हुशार, विजेतच आयुष्य गेलं. त्यांना दाखवला. ‘मित्राकडे झालं’ असं सांगून. त्यांनी खटका वर-खाली करून बघितला. “स्प्रिंग ठीक आहे. एखाद्या वेळी अर्धवट बसला असेल, गरम होऊन सुटला असेल.” मी म्हटलं, आणि बरोबर कोणी हात लावायच्या आधी? ते हसले. “तसं असेल तर मित्राला म्हणावं सत्यनारायण घाल.” घरी मी तो स्विच ठोकून बघितला, हलवून बघितला, अर्धवट बसवून रात्रभर ठेवला. तो अंगठ्याशिवाय हलत नाही. चार वेळा हलला होता... त्यातल्या एका वेळी माझ्या पाठीमागे, बंद डब्यात.

कोणाचा अंगठा, असं मला विचारू नका. मनात एक नाव येतं. अलकाने एकदा सहज म्हटलंही, “आई असत्या तर खाली गेल्या असत्या.” ती टोपलीबद्दल बोलत होती. मी ताटावरून उठलो. पण मी काही बघितलेलं नाही, ऐकलेलं नाही, त्या ‘खट्ट’शिवाय. म्हणून पुढे बोलत नाही. ‘बघितलं’ हा शब्द मी एकदा खोटा वापरलाय. पुन्हा वापरणार नाही.

हिरामावशी आता बाजाराच्या रस्त्यावर, फुटपाथच्या कडेला बसते. उन्हात, पाणी घरून डब्यात भरून आणते. अलकाला मागे दिसली. अलकाने विचारलं, “मावशी, बिल्डिंगमध्ये का येत नाही?” माझ्याकडून अलकाला ‘सोसायटीने बंद केलं’ इतकंच कळलं होतं. मावशी कोलंबी निवडत म्हणाली, “बालाला इचार.”

अलकाने घरी येऊन विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

मोहिते जिन्यात भेटले की कुरकुरतात, ॲपवरून मागवलेल्या सुरमईला चव नाही म्हणून. दर वेळी वाटतं, आता सांगावं. त्यांचा मजला येतो.

खटक्याचं कोडं मला सुटलेलं नाही आणि सुटेल असं वाटत नाही. ते राहू दे. बाकीच्यात कोडं काही नाही. ती खरं बोलत होती आणि मी खोटं बोललो, हे मला मोहित्यांना सगळ्यांसमोर सांगायचं आहे, ते मी अजून सांगितलेलं नाही. खांबापाशीची जागा तिला परत द्यायची आहे, ती दिलेली नाही. आणि तिची टोपली उतरवायला एकदा तरी समोरून हात लावायचा आहे, तोही अजून लावलेला नाही.